इंदूरच्या काळ्या मातीत गुलाबी सावनी : फाटकाजवळ एक झाड लावायचे आहे

सुदामानगरी (धागाकर्ता), इंदूर

नमस्कार मंडळी. बागकाम विभागात तामणीवर आणि बोगनवेलीवर पुष्कळ चर्चा झालेली दिसली, पण सावनीवर स्वतंत्र धागा सापडला नाही, म्हणून हा काढत आहे.

आमच्या घराचे फाटक पूर्वेला असून फाटकाच्या उजव्या हाताला, कुंपणाच्या भिंतीपासून ओट्यापर्यंत, सुमारे बारा फूट रुंदीची जागा मोकळी आहे. वरून विजेच्या तारा गेल्या आहेत. या जागी गुलाबी फुलांची सावनी लावावी असे घरात सर्वानुमते ठरले आहे. सकाळपासून दुपारी दीडपर्यंत तेथे स्वच्छ ऊन असते, नंतर घराची सावली येते. माती अस्सल माळव्याची काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशीही पाणी हटत नाही. नळाला नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, बाकी वेळ बोअरिंगवर भागवावे लागते.

माझ्या शंका अशा आहेत. नर्सरीत दोन रोपे दाखवली, एक लहान पानांचे आणि दुसरे तळहाताएवढ्या पानांचे, आणि दोन्ही सावनीच असल्याचे सांगितले. त्यांतले कोणते घ्यावे? मुळांमुळे कुंपणाच्या भिंतीला किंवा ड्रेनेजच्या पाइपला धोका आहे का? आणि आमचे माळीबुवा म्हणतात की दर हिवाळ्यात झाड गुडघ्याएवढे छाटले नाही तर फूल येत नाही. यात तथ्य किती? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

रामबागकर, इंदूर

सुदामानगरी, मोठ्या पानांचे रोप बहुधा तामणीचे आहे. तामण आणि सावनी या एकाच प्रजातीतल्या, लॅगरस्ट्रोमिया या नावाखाली येणाऱ्या, त्यामुळे नर्सरीवाल्याचे बोलणे अगदीच निराधार नाही. पण तामण चाळीस-पन्नास फूट जाऊ शकते, उन्हाळ्याच्या तोंडी फुलते आणि तिला ओलसर जागा मानवते. महाराष्ट्राचे राज्यपुष्प म्हणून तिच्याविषयी आपल्याला आपुलकी असणे स्वाभाविक आहे, परंतु तारांखाली लावण्याचे झाड ते नव्हे. तुम्हाला हवी आहे ती लॅगरस्ट्रोमिया इंडिका. ती बहुधा दहा ते वीस फुटांत थांबते, पाने दोन-तीन इंचांची असतात, आणि ओळखण्याची सोपी खूण अशी की तिची कोवळी डहाळी चिमटीत धरून फिरवली तर ती गोल न लागता चौकोनी, धारेदार लागते. डाळिंब आणि मेंदी हीही याच कुळातली; डाळिंबाच्या कोवळ्या फांदीलाही अशाच धारा असतात.

फूल जवळून पाहिले तर नर्सरीत फसगत होण्याचा प्रश्नच राहत नाही. सहा पाकळ्या असतात. प्रत्येक पाकळीचा वरचा भाग क्रेपच्या कापडासारखा चुणीदार आणि खालचा भाग बारीक दांडीएवढा निमुळता, त्यामुळे पाकळ्या मध्याला चिकटलेल्या न वाटता थोड्या अंतरावर उभ्या असल्यासारख्या दिसतात. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो आणि त्याच्या बाहेर सहा लांब, वाकलेले केसर वेगळे उठून दिसतात. या फुलात मध नसतो. मधमाश्या येतात त्या परागासाठीच. पिवळा झुबका त्यांच्या खाण्यासाठी आणि बाहेरचे लांब केसर फलनाचे काम करण्यासाठी, अशी विभागणी या झाडाने करून ठेवली आहे.

आता उन्हाविषयी. सावनी फुलण्या-न फुलण्याचा निम्म्याहून अधिक निकाल उन्हावर लागतो. रोज सहा तास थेट ऊन हे किमान समजावे. तुमच्याकडे दीडपर्यंत ऊन आहे म्हणजे ते पुरेसे आहे. मात्र शेजारच्या घराचा नवा मजला किंवा रस्त्यावरचे गुलमोहराचे झाड पुढे सकाळचे ऊन अडवणार नाही ना, याचा अंदाज आत्ताच घ्या. सावलीतली सावनी मरत नाही, हिरवीगार दिसते, आणि मालक वर्षानुवर्षे खत बदलत बसतो.

मुळांची काळजी नको. ती बारीक, तंतुमय आणि वरच्या थरात पसरणारी असतात. पिंपळ, उंबर किंवा रबराच्या झाडासारखी भिंत फोडत नाहीत. तरीही फांद्यांना जागा मिळावी म्हणून कुंपणापासून पाच-सहा फूट आत लावा. ड्रेनेजचा पाइप सांध्यात गळत असेल तर कोणत्याही झाडाची मुळे तेथे ओलीला जाणारच. तो दोष सावनीचा नाही.

मातीचा विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहितो.

लष्करकर, ग्वाल्हेर

रामबागकर काकांनी इंदूरचे सांगितले, त्यात ग्वाल्हेरची भर घालतो. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिसापार जातो आणि जानेवारीत शून्याच्या आसपासही उतरतो, तरी सावनी दोन्ही टोके सोसते. झाड मूळचे चीन-कोरियाकडचे असल्यामुळे थंडीत पाने टाकून झोपी जाणे त्याच्या स्वभावातच आहे. येथे हा मुद्दाम उल्लेख अशासाठी की पहिल्या हिवाळ्यात पाने केशरी-तांबडी होऊन गळू लागली की लोक घाबरतात, रोज पाणी घालू लागतात आणि झोपलेल्या झाडाची मुळे कुजवतात. डिसेंबर-जानेवारीत पाणी अगदी कमी ठेवावे. काडी जिवंत आहे की नाही हे पाहायचे असेल तर नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले की काळजी मिटली.

लूच्या दिवसांत मात्र पहिली दोन वर्षे झाडाला जपावे लागते. मोठे, मुरलेले झाड आठ-दहा दिवसांनी दिलेल्या भरपूर पाण्यावर उन्हाळा काढते. रोज संध्याकाळी पाइपने शिडकावा करण्याने काही साधत नाही, वरची दोन बोटे माती ओली होते आणि मुळे वरच राहतात.

रामबागकर, इंदूर

आता काळी माती. आपल्याकडे सर्रास केला जाणारा प्रकार असा, की काळ्या मातीत दोन-तीन फुटांचा खड्डा खणायचा, त्यातली सगळी माती फेकून द्यायची आणि शेणखत, वाळू, कोकोपीट असे भुसभुशीत मिश्रण त्यात भरायचे. उन्हाळ्यात हे ठीक दिसते. पावसाळ्यात चारी बाजूंची चिकण माती पाणी मुरू देत नाही आणि सगळे पाणी त्या मऊ खड्ड्यात येऊन साचते. रोप तेथे पाण्यात उभे राहते. शिवाय मुळे त्या सुखाच्या मिश्रणातून बाहेरच्या काळ्या मातीत शिरायला तयार होत नाहीत.

त्याऐवजी खड्डा रुंद घ्या, खोल नको. पिशवीतल्या मातीच्या गोळ्याएवढी खोली आणि त्याच्या तिप्पट रुंदी पुरे. निघालेलीच माती वापरा, तिच्यात चौथा हिस्सा चांगले कुजलेले शेणखत आणि तेवढाच मुरूम मिसळा. मुख्य गोष्ट ही, की आजूबाजूच्या जमिनीपेक्षा नऊ-दहा इंच उंच असा चार-पाच फूट व्यासाचा उंचवटा करून त्यावर झाड लावा आणि जास्तीच्या पाण्याला फाटकाकडे उतार द्या. खोडाचा मातीलगतचा रुंदावणारा भाग उघडा दिसला पाहिजे. तो पुरला की साल कुजते. वर पालापाचोळ्याचे तीन इंच आच्छादन घाला, म्हणजे उन्हाळ्यात भेगा पडून मुळे तुटणार नाहीत. आच्छादन खोडाला मात्र टेकू देऊ नका.

बडोदेकर_बागप्रेमी, बडोदा

चर्चा उत्तम चालली आहे. दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

पहिली, बोअरिंगच्या पाण्याची. माळव्यात काय किंवा आमच्या बडोद्याकडे काय, चुनखडीयुक्त काळी जमीन आणि त्यावर बोअरिंगचे जड पाणी असा योग आला की मातीचा सामू (पीएच) आठाच्या पुढे जातो. मग जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असे दिसले की युरिया टाकू नये, कारण नत्राच्या कमतरतेत आधी जुनी पाने पिवळी होतात आणि येथे कोवळी होत आहेत. रोग निराळा आहे. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह, बाजारात मिळते, पण ते विकत घेताना पिशवीवर ईडीडीएचए असे लिहिले आहे का ते पाहावे. स्वस्तातले ईडीटीए चुनखडीच्या जमिनीत फारसे टिकत नाही, ते फवारणीला ठीक. शक्य असेल तेव्हा नर्मदेचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी सावनीला द्या आणि बोअरिंगचे पाणी गाडी धुण्यास ठेवा.

दुसरी गोष्ट वाणांची. गुलाबी म्हणताना फिकट गुलाबी, शेंदरी झाक असलेला आणि कलिंगडाच्या गराच्या रंगाचा गडद, असे किमान तीन प्रकार नर्सरीत दिसतात आणि तिन्हींना तेथे ‘पिंक’ हेच नाव असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगॉल्फ या संशोधकाने इंडिकाचा संकर जपानच्या याकुशिमा बेटावरून आलेल्या लॅगरस्ट्रोमिया फॉरिई या जातीशी करून भुरी रोगाला, म्हणजे पानांवर येणाऱ्या पांढऱ्या बुरशीला, दाद न देणारे वाण काढले आणि त्यांना तेथील आदिवासी जमातींची नावे दिली. १९७८ साली आलेला पांढऱ्या फुलांचा नॅचेझ त्यांतलाच. शेंदरी-गुलाबी हवा असेल तर टस्करोरा. आपल्याकडे ही नावे सांगून कोणी रोप दिले तर फूल आणि खोड पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका. साध्या देशी नर्सरीतली गुलाबी सावनीही काही कमी देखणी नसते.

कुंडीतले_रान, इंदूर

माळीबुवांच्या म्हणण्यात तथ्य आहे असे माझे मत आहे. आमच्या कॉलनीच्या बागेतल्या सावन्या दर फेब्रुवारीत कमरेएवढ्या कापल्या जातात आणि पावसाळ्यात त्यांना एवढे मोठे घोस येतात की वाटसरू थांबून पाहतात. शेजारी एकांनी छाटलीच नाही, त्यांच्या झाडाचे घोस लहान असतात. मग न छाटण्याचा आग्रह कशासाठी?

रामबागकर, इंदूर

ताई, तुमचे निरीक्षण बरोबर आहे. घोस मोठे येतात. पण त्याची किंमत काय पडते ते पाहू.

सावनीचे फूल नव्या फुटीच्या टोकाला येते, म्हणजे फाल्गुन-चैत्रात जी काडी फुटेल तिच्याच शेंड्यावर त्या वर्षीचा घोस धरतो. जाड फांदी मध्येच तोडली की कापाखालचे झोपलेले डोळे एकदम जागे होतात आणि एका जागी आठ-दहा लांब, सरळ, लुसलुशीत काड्या येतात. त्यांच्या टोकाला मोठा घोस येतो हे खरे, पण काडी कोवळी आणि घोस जड. श्रावणातल्या पहिल्याच मुसळधार पावसात पाणी धरून तो घोस जमिनीला लागतो किंवा काडी सांध्यातून चिरते. काडीला आधी पुरती वाढावे लागते म्हणून फुलणेही काही आठवडे लांबते. पुढच्या वर्षी माळी त्याच जागी कापतो, मग तेथे गाठ येते, आणि पाच-सहा वर्षांत खुंटांवर मुठी उगवलेले ते झाड हिवाळ्याचे चार महिने पाहवत नाही.

आणखी एक नुकसान होते, ते फार कोणाच्या लक्षात येत नाही. मुरलेल्या सावनीची जुनी साल उन्हाळ्यात पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खाली राखी, बदामी, फिकट गुलाबी अशा डागांचे गुळगुळीत खोड निघते. हात फिरवला तर पॉलिश केलेल्या लाकडाचा भास होतो. हे खोड दिसायला काही वर्षे फांद्या शाबूत राहाव्या लागतात. गुडघ्यापर्यंत छाटलेल्या झाडाला ते कधीच येत नाही, आणि माझ्या मते निम्मे झाड त्या खोडासाठीच लावायचे असते.

याचा अर्थ कात्री लावूच नये असा नाही. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, डोळे फुगण्यापूर्वी, पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या, आणि बुंध्यातून उगवणारे फुटवे मुळापासून काढावेत. फाटकाजवळ जायला-यायला अडथळा नको असेल तर पहिल्या वर्षीच तीन किंवा पाच चांगले दांडे निवडून बाकीचे काढा आणि दर वर्षी थोड्या थोड्या खालच्या फांद्या छाटत डोक्यावर छत्री येऊ द्या. एकच खोड ठेवण्याचाही प्रघात आहे, पण त्यात फुटवे काढण्याचे काम जन्मभर मागे लागते. पावसाळ्यात पहिले घोस वाळू लागले की बोंडे धरण्याआधी खालच्या पानांच्या एक-दोन जोड्यांसह ते कापा. महिना-दीड महिन्यात दुसरा बहर येतो. ऑगस्टनंतर मात्र हा उद्योग बंद.

आणि मूळ मुद्दा असा आहे की ज्या झाडाला दर वर्षी अर्ध्यावर आणावे लागते ते झाड त्या जागेसाठी चुकीचे निवडलेले असते. जागा चार फुटांची असेल तर बुटक्या जातीची सावनी मिळते, तीच लावावी.

परदेशी_इंदूरकर, अटलांटा

रामबागकर काकांच्या शब्दाशब्दाशी सहमत. मी जॉर्जियात राहतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात सावनी इतकी आहे की मॉलच्या पार्किंगपासून चर्चच्या आवारापर्यंत कोठेही पाहा, रांगच्या रांग उभी असते. जूनपासून गुलाबी, पांढरा, जांभळा असा रस्ता फुललेला असतो. पण फेब्रुवारी आला की येथेही ठेकेदारांच्या करवती निघतात आणि सगळ्या झाडांचे खुंट करून जातात. सावनीचे इंग्रजी नाव क्रेप मर्टल, म्हणून या प्रकाराला येथील बागकामवाले चक्क ‘क्रेप मर्डर’ म्हणतात, दर वर्षी त्यावर लेख लिहितात, आणि दर वर्षी करवती निघतातच. तेव्हा माळीबुवांना एकट्याला बोल लावू नये.

एक सावधगिरी. सुट्टीवर येताना येथील चांगल्या वाणाची काडी सामानात घालून आणावी असा मोह होतो आणि नातेवाईक तशी मागणीही करतात. कृपया करू नका. २००४ मध्ये टेक्सासात सावनीच्या सालीवर बसणारा एक खवलेकिडा प्रथम आढळला आणि तेव्हापासून तो दक्षिणेतल्या राज्या-राज्यांत पसरत गेला. खोडावर पांढरे, कापसासारखे ठिपके दिसतात, दाबले की गुलाबी रस निघतो. भारतात रोपे-काड्या आणण्यासाठी २००३ च्या प्लँट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना आणि तपासणी लागते, आणि तो नियम अशाच पाहुण्यांसाठी आहे.

सुदामानगरी (धागाकर्ता), इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. तामण बाद, उंचवटा नक्की, आणि छाटणीबाबत माळीबुवांशी गोडीगुलाबीने बोलेन. एक शंका राहिली. झाडाखाली आमची गाडी अर्धी येईल. एका परिचितांच्या सावनीखाली फरशीवर चिकट थर आणि काळी बुरशी पाहिली होती. तो डिंक असतो का?

बडोदेकर_बागप्रेमी, बडोदा

डिंक नव्हे. पानांच्या मागे मावा बसतो, रस शोषतो आणि गोड चिकटा खाली टाकतो. त्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. बुरशी झाडाला थेट खात नाही, पण पाने झाकली जातात आणि गाडीच्या काचेवरून ती पुसता पुसता जीव मेटाकुटीला येतो. उपाय बुरशीवर न करता माव्यावर करावा. सकाळी पाइपचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारणे, दोन-तीन दिवसांनी पुन्हा मारणे, एवढ्यानेच बहुतेक वेळा काम होते. न झाल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी संध्याकाळी फवारावे. पानांवर ढालकिडे किंवा त्यांच्या काळ्या-केशरी अळ्या दिसल्या तर काहीच फवारू नका, त्या मावा संपवतात. मावा येण्याचे एक मोठे कारण म्हणजे नत्राचा अतिरेक. युरियावर वाढवलेली सावनी पानांनी भरते, फुले देत नाही आणि कोवळ्या पानांवर मावा बोलावते. वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या छाटणीनंतर, दोन घमेली शेणखत किंवा गांडूळखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मोठ्या झाडाला पुरते.

भुरीचेही सांगून टाकतो. थंडी सुरू होताना आणि संपताना कोवळ्या पानांवर, कळ्यांवर पिठासारखा पांढरा थर येतो, कळ्या न उघडताच वाळतात. उन्हातल्या, वारा खेळणाऱ्या झाडाला हा त्रास क्वचितच होतो. झालाच तर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक एक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फवारावे, पण भर उन्हाळ्यात नाही, पाने करपतात.

लष्करकर, ग्वाल्हेर

रोप विकतच घ्यायला हवे असेही नाही. ओळखीत कोणाची मनासारख्या रंगाची सावनी असेल तर फेब्रुवारीच्या छाटणीत निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड, सहा ते आठ इंचांच्या काड्या मागून घ्या. खालचे टोक तिरके, वरचे सरळ कापले म्हणजे उलट-सुलट होत नाही. दोन-तृतीयांश काडी वाळूमिश्रित मातीत खोचून अर्धवट सावलीत ठेवली की पावसाळ्यापर्यंत मुळे धरतात. बियांपासूनही रोपे होतात, पण त्यांचा रंग आईसारखाच येईल याची खात्री नसते.

सुदामानगरी (धागाकर्ता), इंदूर

सध्या ओळखीत तसे झाड नाही, त्यामुळे नर्सरीतूनच आणावे लागेल. फूल आलेले रोप आणावे की फूल नसलेले, आणि कधी लावावे?

रामबागकर, इंदूर

रंगाची खात्री हवी असेल तर फुललेलेच आणा, म्हणजे आषाढात. पहिले एक-दोन दमदार पाऊस होऊन जमीन ओली झाली की उंचवट्यावर लावून टाका. उंचवटा असल्यामुळे पुढच्या पावसाचे भय नाही. लावल्यावर त्या वर्षीचे घोस काढून टाकणे बरे, मुळे लवकर धरतात, मात्र घरच्यांची समजूत तुम्हीच काढा. रोप निवडताना घोसापेक्षा पिशवीचा तळ पाहा. मुळे तळाशी गोल गोल फिरून दोरखंडासारखी जाड झाली असतील तर ते रोप कितीही फुललेले असले तरी घेऊ नका. थोडी फिरलेली असतील तर लावताना बोटांनी मोकळी करा किंवा चाकूने बाजूला दोन-तीन उभे छेद द्या. बुंध्याशी कलमाची गाठ किंवा जखम नसलेले, तीन-चार फुटांचे, दोन-तीन दांडे असलेले रोप मिळाले तर उत्तम. पहिला उन्हाळा येईपर्यंत त्याला बांबूचा आधार द्या आणि सुतळी सैल बांधा.